गळ्याकडचं दावं

दावं दोन ठिकाणी कापता येतं. खुंट्याकडे कापलं की जनावराच्या गळ्यात वावभर दोर लोंबत राहतो आणि तो धरून त्याला ओढून नेता येतं. गळ्याकडे कापलं की जनावर मोकळं होतं आणि आपल्या हातात काही उरत नाही. पूर आला त्या सकाळी माझ्या सासऱ्यांनी गायीचं आणि दोन्ही बैलांचं दावं गळ्याकडे कापलं. मी त्यांच्यामागे मांडीभर पाण्यात उभी राहून ओरडत होते. त्यामुळे ह्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये.

माझं माहेर रत्नागिरीत, मांडवीला. तिथे गाय म्हणजे रस्त्यात मधोमध बसून रिक्षावाल्यांच्या शिव्या खाणारं जनावर. लग्न होऊन नदीकाठच्या ह्या वाडीत आले तेव्हा शेणाला हात लावताना मी नाक दाबायचे. सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, पडवीत बसून ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. म्हणजे घरात बाबा आणि मी, आणि गोठ्यात तीन गुरं. धार काढायला मला बाबांनीच शिकवलं, आणि शिकवताना इतकं बोलले की मी रागाने बॅग भरून एसटीच्या थांब्यापर्यंत गेले होते. एसटी आली नाही म्हणून परत आले.

पुढे गोठा माझा झाला. गायीचं दूध मी बाजारात रतिबाला घालायचे. बैल घेऊन बाबा वाडीतल्या लोकांची शेतं भाड्याने नांगरून द्यायचे, कारण उतारावरच्या आमच्या चिंचोळ्या खाचरांत पॉवर टिलर चढत नाही. ह्या गुरांच्या जिवावर आमचं घर उघडं होतं. वाडीतल्या कितीतरी घरांना कुलपं आहेत आणि त्यांच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, कमरेएवढं गवत वाढतं. नवरा फोनवर उठता-बसता म्हणायचा, गुरं आहेत तोवर ठीक आहे, गुरं गेली की घर बंद करा आणि दोघं इकडे या. इकडे म्हणजे त्याच्या खोलीत, जिथे तिसरं माणूस झोपलं तर दार उघडत नाही. बाबा तिथे एक पावसाळा जगले नसते. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

गोठा नदीच्या अंगाला, घर वर, पाखाडीच्या पायऱ्या चढून गेल्यावर. आदल्या दिवसापासून पाऊस हटत नव्हता आणि उजाडायच्या वेळेला खाडीला भरती होती. भरतीचं पाणी वर चढलं की नदीला समुद्रात जायला वाट मिळत नाही, मग ती शेतात शिरते. दर पावसाळ्यात शिरते, गोठ्याच्या पायरीला लागते आणि मागे जाते. त्या दिवशी ती पायरीशी थांबली नाही. गायीच्या हंबरण्याने मी बाहेर आले, तोवर बाबा कोयता घेऊन अर्धी पाखाडी उतरलेही होते.

गोठ्यात पाणी गुडघ्याला होतं. आम्ही आत शिरेपर्यंत मांडीला आलं, आणि ते पाणी नव्हतं, वाहता चिखल होता, त्यात लाकडं, माडाच्या झावळ्या आणि कुणाचातरी सिलिंडर आपटत होता. हल्ली दावी नायलॉनची असतात. नायलॉनची गाठ भिजली की दातांनीही सुटत नाही. बैल मागे रेटत होते, त्यामुळे दावी ताणून ताठ झालेली, आणि गायीची मान खुंट्याकडे खेचली जाऊन तिचं नाक पाण्याला टेकत होतं. बाबा आधी गायीपाशी गेले. त्यांनी डावा हात तिच्या गळ्याखाली घातला तेव्हा मला कळलं ते काय करणार आहेत. मी ओरडले, "बाबा, खुंट्याकडं कापा. खुंट्याकडं." पाण्याचा आवाज एवढा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यांनी गळ्याकडे कापलं. मग तांबड्या बैलाचं, मग दुसऱ्याचं, बांड्याचं. कापल्यावर प्रत्येकाच्या कपाळाला हात लावला. मी ओरडतच होते.

मोकळी झाली की गुरं दाराकडे धावतील असं ज्याला वाटतं त्याने अंधारात, पाण्यात घाबरलेला बैल बघितलेला नाही. ती दाराकडे आली नाहीत. ती जागच्या जागी गरगर फिरली. मी तांबड्याला धरायला गेले. गळ्यात हात घातला तर धरायला काही नाही, ओलं कातडं नुसतं. मी त्याचा कान धरला. त्याने मान फिरवली आणि शिंग माझ्या खांद्याखाली बसलं, आणि त्या एका झटक्यात त्याने मला चिऱ्याच्या भिंतीवर चेपलं. गळ्याजवळचं हाड मोडलं तो आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू आला. मग मागची भिंत गेली. नदी आरपार घुसली, छपराचा वासा खाली आला आणि बांड्याच्या पाठीवर पडला. त्याचं तोंड दोनदा वर आलं. तांबडा त्याच्यावर चढला, त्याला पायांखाली तुडवत वर यायला बघत होता, आणि दोघं मिळून खाली गेले. गाय पडलेल्या भिंतीतून बाहेर पडली. मान वर काढून हंबरत ती प्रवाहात गेली, आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी आम्हाला ती ऐकू येत होती.

बाबांनी मला बाहेर काढलं. माझ्या अंगात गाऊन होता, तो मागून धरून त्यांनी मला पायऱ्यांवर फरफटत ओढलं. माझ्याजवळ धरायला काहीतरी होतं, म्हणून मी वाचले.

त्यांनी गळ्याकडे का कापलं हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे गुराने दाव्यात मरू नये असं मानतात. म्हातारं जनावर शेवटचे श्वास घ्यायला लागलं की घरचं माणूस आधी त्याच्या गळ्यातलं दावं काढतं आणि मग तोंडात पाणी घालतं. बांधलेलं जनावर मेलं तर ते आपण मारलं असं धरतात. त्या घरात शिमग्याची पालखी येत नाही आणि त्या घरच्या माणसाला पालखीला खांदा लावता येत नाही. बाबा पालखीचे मानकरी होते, त्यांचे वडीलही होते. म्हणजे गोठ्यात शिरताच बाबांनी मनात गुरं मेलेली धरली होती आणि त्यांना मरायला मोकळं केलं होतं. मी त्यांना वाचवायला गेले होते. एकाच गोठ्यात आम्ही दोघं दोन वेगळ्या कामांना गेलो होतो, हे मला फार झोंबलं.

पाणी ओसरल्यावर तिन्ही गुरं खालच्या आगरात सापडली. आगर माझ्या चुलत दिराचं. पोफळींभोवती त्याने काटेरी तारेचं कुंपण घातलं होतं, त्यात ती अडकली होती. गायीच्या मानेत तार रुतून मांस उघडं पडलेलं. पोटं फुगून टरटरलेली, चारही पाय ताठ. पंचनामा होईपर्यंत हलवू नका असा निरोप आला होता, म्हणून मी जुन्या साडीने हात गळ्यात बांधून तिथे राखण करत बसले. कुत्री यायची. दगड मारला की थोडी मागे सरायची आणि बसून राहायची. कावळ्यांना दगडाचीही भीती नव्हती. एकाने माझ्यासमोर तांबड्याचा डोळा काढून नेला. त्या वासात मी दोन दिवस काढले आणि उठून घरी गेले नाही, कारण पंचनामा झाला नाही तर नवऱ्याचं म्हणणं खरं होणार होतं.

शेवटी तलाठीबाई आल्या, बरोबर गुरांचे डॉक्टर. तलाठीबाई वयाने माझ्याहून लहान, कोल्हापूरकडच्या, अंगात त्यांच्या मापाहून मोठा रेनकोट, आणि चेहरा असा की कितीतरी दिवस झोप नाही. डॉक्टर लगेच कामाला लागले. बाबांनी कोयत्याने आजूबाजूच्या वेली तोडून त्यांना वाट करून दिली. डॉक्टरांनी गायीच्या पोटात सुरी घातली तसा आतला वारा सुटला आणि तलाठीबाई पोफळीला धरून ओकल्या. डॉक्टरांनी गळा चिरून श्वासनळी उघडून दाखवली. आत गाळ भरलेला होता. "बुडूनच मेली आहेत, प्रश्नच नाही," ते म्हणाले. मला वाटलं, झालं.

"कानात बिल्ले न्हाईत यांच्या?" तलाठीबाईंनी विचारलं.

सरकारी नंबराचे बिल्ले नव्हते. टोचायला माणसं आली त्या दिवशी बाबा गुरं घेऊन वरच्या माळावर, सड्यावर निघून गेले होते. गुरांचे कान टोचायला ती काय बारशाची पोरं आहेत, असं त्यांचं म्हणणं.

"मग आता जबाबावरच लिहावं लागंल. आजोबा, पाणी आलं तवा गुरं गोठ्यात बांधलेली होती न्हवं? बांधलेली असतानाच मेली न्हवं?"

बाबा म्हणाले, "नाय. मी सोडली व्हती."

"म्हंजे मोकाट होती?"

"मोकाट नाय. मी कापली दावी. जित्ती असताना कापली."

तलाठीबाईंनी पेन थांबवलं. मोकाट जनावरांचं घ्यायचं नाही, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. नदीतून वाहत आलेली कुणाचीही गुरं लोक आपली म्हणून दाखवत होते, त्यामुळे तलाठीबाईंचंही काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, अहो, बांधलेली होती, वाचवायला म्हणून सोडली, अख्ख्या वाडीला माहीत आहे गुरं कुणाची. त्या म्हणाल्या, मग पंच काय म्हणतात ते विचारू. आणि आगर ज्याचं, तो माझा चुलत दीर, पंच म्हणून तिथेच उभा होता.

ह्या माणसाचं वर्णन करताना मला हात आखडता घ्यायचा नाही. आमचं घर आणि खालची जागा त्याच्या जागेला लागून. रस्ता रुंद होणार अशी आवई उठल्यापासून तो आमच्या कुलपाची वाट बघत होता. दर गणपतीला नवऱ्याला विचारायचा, "काकांना कधी नेतोस मुंबैला? म्हातारपणी नातवंडांत र्‍हावं मानसानं." आम्हाला मूल नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

तो म्हणाला, "बाय, मी खोटं कशाला सांगू? गुरं माझ्या आगरात आली ती मोकळीच आली. एकाच्या पन गळ्यात दावं हाय काय, बगा." मग बाबांकडे वळून, अगदी गोड आवाजात, "काका, तुमीच सांगा. दाव्यात मेली काय ती? मेली आसतील तर मी बापडा कशाला आडवा येऊ. म्हना, दाव्यात मेली. एवढंच म्हनायचं हाय."

त्याला ठाऊक होतं बाबा ते म्हणणार नाहीत. पालखीचा मान गेला असता, आणि शिवाय ते खोटं होतं, आणि बाबांनी आयुष्यात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. बाबांनी तोंड फिरवलं. तेव्हा तो तलाठीबाईंना म्हणाला, "गुरं सोडून दिली नदीत, आनि आता सरकारचं खायला बसलेत."

बाबांनी कोयता उचलला. मी बघितलं, तो वेली तोडायचा हात नव्हता. पण सत्तरी ओलांडलेला माणूस आणि घोटाभर चिखल. दिराने मनगट पकडून पिरगळलं, कोयता पडला, आणि त्याने बाबांना पालथं पाडून पाठीवर गुडघा दिला. बाबांचं तोंड चिखलात. तो गुडघा काढत नव्हता. "मारतोस मला? मला मारतोस?" म्हणत वरून दाबत होता, आणि बाबांचे हात दोन्ही बाजूंना चिखल ओरबाडत होते.

कुंपणाचा एक बांबू मोडून पडला होता. माझा एकच हात चालत होता, पण तेवढा पुरला. पहिला फटका त्याच्या कानावर बसला, दुसरा तो वळला तेव्हा तोंडावर. दात पडला. मारताना मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं. तिसऱ्या फटक्याला त्याने उठून माझ्या मोडक्या हाडावर मूठ घातली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी खाली कोसळले ती गायीच्या उघड्या पोटाशीच, आणि तिथूनही त्याची पोटरी धरून मी कडकडून चावले. डॉक्टरांनी आणि आणखी कुणीतरी मिळून आम्हाला वेगळं केलं.

तलाठीबाईंनी पेन परत उघडलं. "मला आजून तीन गावं करायची आहेत," त्या म्हणाल्या. "काय लिहायचं ते सांगा, न्हाईतर मी निघते."

बाबा उठून बसले होते. नाकातोंडातला चिखल बोटाने काढत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"लिहा," मी म्हटलं. "गुरं दाव्यात मेली. आदल्या संध्याकाळी मी बांधली होती. गाठी मी मारल्या होत्या. आम्ही पोचेपर्यंत ती मेलेली होती. भिंत गेली तशी खुंट्यांसकट इथे वाहत आली. कुंपणात गुंतलेली दावी नंतर कापली."

"वैनी, खोटं बोलतेयस," दीर म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, त्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते.

"मग तू शपथ घे की तू गोठ्यात होतास."

तलाठीबाईंनी बाबांना विचारलं, "आजोबा, सूनबाई म्हणतात ते बरोबर हाय का?"

सगळे बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार आणि आमचं घर बुडवणार. त्यांनी तोंड उघडलं. परत मिटलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कुणाकडे न बघता पाखाडी चढून निघून गेले. तलाठीबाईंनी ते होकारात धरलं आणि लिहायला सुरुवात केली.

दीर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाप तुझ्या डोक्यावर गो आता."

"असू दे," मी म्हटलं.

जेसीबीने खड्डा मारून तिन्ही गुरं त्यात ढकलली. मशीनच्या दातांत तांबड्याचा पाय अडकला आणि तुटून वेगळा पडला, तो मी उचलून खड्ड्यात टाकला.

त्यानंतर आमच्या घरात जे महिने गेले त्यांना संसार म्हणत नाहीत. हाड जुळत होतं, खांदा वाकडाच राहिला. मी बाबांना ताट आपटून वाढायचे. ते निमूट जेवायचे. मला त्यांचा राग येत होता आणि ते बोलत नाहीत ह्याचा त्याहून जास्त येत होता. एक दिवस भाकऱ्या थापताना माझा बांध फुटला. मी विचारलं, "गळ्याकडे का कापलंत?"

"वाचनार नव्हती ती."

"तुम्हाला कुणी सांगितलं? दोर हातात असता तर गाय तरी ओढली असती. दाराजवळच होती ती."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मी सांगत होते ना, खुंट्याकडे कापा म्हणून. कोकलून सांगत होते."

"पान्याच्या आवाजात काय ऐकाया येतंय," बाबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी हातातली भाकरी चुलीत फेकली.

सरकारची मदत आली, बाबांच्या खात्यावर. तिन्ही गुरं उभी राहतील एवढी ती नव्हती, पण एक गाभण गाय आली. डोंगराच्या अंगाला, वर, पत्र्याचा गोठा घातला. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं की घर बंद होत नाही, तू तुझं झोप. गाय व्यायली आणि माझा रतीब परत सुरू झाला. मला वाटलं, एवढं करून निभावलं.

शिमगा जवळ आला तशी गावकऱ्यांची बैठक बसली. दिरानेच विषय काढला, नवीन बसवलेला दात दाखवत. पंचनाम्यावर लिहिलेलं आहे, तो म्हणाला, सरकारी कागदावर, की सुनेच्या दाव्यात गुरं मेली. मग पालखी त्या खळ्यात कशी जाणार आणि काका खांदा कसा लावणार? शेवटी ठरलं की सुनेने प्रायश्चित्त घ्यावं. ही रीत इतकी जुनी की निम्म्या लोकांनी नुसती ऐकलेली. ज्याच्या दाव्यात जनावर मेलं त्याने तसंच दावं स्वतःच्या गळ्यात बांधायचं आणि पाच घरी भीक मागायची. तोंडाने माणसाचा शब्द काढायचा नाही, गुरासारखं हंबरायचं. घरच्यांनी तांदूळ घालायचे आणि "सुटलास" म्हणायचं. पाचव्या घराने म्हटलं की सुटका.

निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी खळ्यातूनच परत पाठवलं. म्हटलं, माझ्या गळ्यात दावं बांधायला कोण येतो ते सांगा, मी कोयत्याला धार लावून बसते. तो बिचारा बाबांकडे बघायला लागला. बाबा पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला इतकं एकटं वाटलं की आत जाऊन मी रडले. खरं बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर पंचनामा खोटा ठरला असता, मदत परत मागितली असती आणि गाय गोठ्यातून गेली असती. हे बाबांनाही कळत होतं, आणि तरी ते सुपारी कातरत होते.

दोन दिवसांनी सकाळी मी धार काढत बसले होते. खालून गुराचा आवाज आला. एखादी गाय चुकून खाली गेली असेल असं वाटलं. परत आला. आमच्या गायीने कान टवकारले आणि तिने उत्तर दिलं. मी उठून बाहेर आले तर वाडीतली माणसं दिराच्या दाराशी जमत होती.

बाबांनी दावं स्वतःच बांधलं होतं. कमरेला पंचा, उघडं अंग, आणि ते दिराच्या पायरीखाली हातापायांवर ओणवे झाले होते. ते हंबरले. ज्या माणसाने उभा जन्म गुरांत काढला त्याला तो आवाज काढायला शिकावं लागत नाही. आतून पहिल्यांदा कुणी येईना. ते हंबरतच राहिले. शेवटी दिराची बायको रडत रडत मूठभर तांदूळ घेऊन आली. दीर मागे उभा होता. त्याने "सुटलास" म्हटलं ते खाली बघत. तिथून दुसरं घर, तिसरं. लोक आपसांत म्हणत होते, सुनेसाठी करतोय म्हातारा, असा सासरा बघायला मिळणार नाही. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचा हात झटकला. त्या सगळ्या गर्दीत बाबांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं की ते हे कुणासाठी करताहेत.

चार घरं झाली. पाचव्यासाठी ते पाखाडी चढायला लागले. गुडघे सोलून रक्त येत होतं. आमच्या खळ्यात येऊन, माझ्यासमोर, ते हंबरले.

मी सूपभर तांदूळ आणून त्यांच्या पंच्याच्या ओच्यात ओतले. आता एक शब्द म्हणायचा होता. मी तो म्हटला नाही. मला तांबड्याचं खाली जाणारं तोंड दिसत होतं, वळणापलीकडून येणारा गायीचा आवाज ऐकू येत होता. बाबा परत हंबरले. लोक कुजबुजायला लागले, हिला रीत माहीत नाही, सांगा कुणीतरी. ते तिसऱ्यांदा हंबरले तेव्हा त्यांचा आवाज फाटला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "सुटलात, बाबा."

मी ते म्हटलं कारण माझ्याने बघवेना. मनातून म्हटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

त्यांना उठवायला मी वाकले. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. आता माणसाचा शब्द काढायला मोकळीक होती, आणि पहिला शब्द त्यांनी मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात काढला.

"मी ऐकलं व्हतं गो. तू वरडत व्हतीस ता. ऐकलं व्हतं."

मी त्यांना हाताला धरून पायरीवर बसवलं. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाय टाक जरा." मी आत जाऊन चहा टाकला.